टाकीला पाझर आणि सकाळी गाडी हवा घेते: आधी काय धरायचं?

प्रश्न: दहाचाकी

नमस्कार मंडळी. जुन्या मेकॅनिकल इनलाइन पंपाचा ट्रक आहे. टाकी पत्र्याची, साधारण २०० लिटरची. दोन तक्रारी एकदमच सुरू झाल्या आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे का, तेच कळत नाही.

पहिली तक्रार टाकीची. तळाला, टाकी धरून ठेवणाऱ्या मागच्या पट्ट्याच्या कडेने ओल आहे. टाकी भरलेली असली की थेंब धरतो. अर्ध्यावर आली की नुसती ओल राहते, आणि सकाळी खाली तळहाताएवढा डाग दिसतो.

दुसरी सुरू होण्याची, म्हणजे गाडी हवा घेते (डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरते). सकाळी स्टार्टर आठ-दहा सेकंद मारावा लागतो. गाडी लागते, अर्धा मिनिट बरी चालते आणि आचके देऊन बंद पडते. हॅण्ड प्रायमर (हाताने दाबून डिझेल चढवायचा छोटा पंप) वीस-पंचवीस वेळा मारला की पुन्हा लागते, मग दिवसभर तक्रार नाही. मात्र टाकी निम्म्याच्या खाली गेली की चढावर ओढ जाते आणि आचके परत येतात. दोन्ही फिल्टर नवे घातले, काही फरक नाही. इंजिनाच्या बाजूला कुठेच डिझेल दिसत नाही, सगळं कोरडं आहे.

टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) १० मिमीचा लोखंडी पाईप आहे, दोन्ही टोकांना रबरी होज आणि क्लिपा. पुढे फिल्टरवर बँजो (पोकळ बोल्टचा जोड). टाकी वेल्डिंग करावी की इपॉक्सी लावावी? आणि सगळा पाईप तांब्याचा नवा करून टाका असा सल्ला मिळालाय, तो बरोबर आहे का?

---

पाना_पक्कड

दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. टाकीच्या तळाच्या पाझरामुळे गाडी हवा घेत नाही, आणि तळ बुजवला म्हणून सकाळचा त्रास जाणार नाही. आधी दुसरी धरा, कारण टाकी उतरवायच्या आत ती तपासली तर टाकी एकदाच उतरवावी लागेल.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीची असते. इंजिन चालू असताना तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे फट असली तर डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढची लाईन दाबाची, तिथली फट ओल दाखवते. तुमच्याकडे पुढे सगळं कोरडं आहे आणि गाडी हवा घेते, म्हणजे फट ओढीच्या बाजूला आहे. ज्या फटीतून डिझेलचा थेंबही बाहेर येत नाही तिच्यातून हवा आरामात आत जाते. म्हणून होज कोरडा दिसला म्हणजे चांगला आहे, हे या लाईनच्या बाबतीत अजिबात धरून चालू नका.

तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची खूण म्हणजे "निम्म्याच्या खाली गेली की". टाकीच्या आत उभा पाईप असतो, जो तळातून डिझेल ओढतो. त्याला मध्यावर चीर किंवा गंजाचं भोक असेल तर डिझेल त्या भोकाच्या वर असेपर्यंत काहीच कळत नाही, कारण भोकातूनही डिझेलच आत येतं. पातळी भोकाच्या खाली गेली की त्याच भोकातून हवा येते. पण तुमचा सकाळचा त्रास टाकी भरलेली असतानाही होत असेल तर दुसरीही एक फट आहे असं समजा. किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह रात्रभर डिझेल धरून ठेवत नसतील, आणि ते हळूहळू टाकीकडे परत उतरत असेल.

तपासणी अशी करा.

फीड पंपाच्या तोंडाजवळचा रबरी होज काढून तिथे फूटभर पारदर्शक होज बसवा. तो फक्त तपासणीपुरता, कायमचा नाही. इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं थांबा, कारण जोडताना शिरलेली हवा आधी निघून जाते. त्यानंतरही बारीक बुडबुड्यांची माळ चालू राहिली तर हवा पंपाच्या मागून येते आहे. आयडलला बघा, मग १५०० आरपीएमला बघा. ओढ वाढली की माळ दाट होते.

मग पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या आणि त्यात डिझेल भरून नव्या होजने सरळ फीड पंपाला जोडा. डबा ट्रकच्या टाकीच्या उंचीवरच ठेवा. बॉनेटवर किंवा केबिनच्या पायरीवर ठेवलात तर डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येईल आणि खरा दोष झाकला जाईल. रिटर्न, म्हणजे इंजिनाला न लागलेलं डिझेल, टाकीत जातच राहतं, त्यामुळे डबा अपेक्षेपेक्षा लवकर रिकामा होतो. तिकडे लक्ष ठेवा, नाहीतर पंपात नव्याने हवा भराल. डब्यावर गाडी नीट चालली तर पंप, फिल्टर, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) यांना हात लावू नका. दोष टाकी आणि पंप यांच्यामध्येच आहे.

शेवटी पाईप दोन्ही होजांसकट सोडवा, एक टोक बुजवा, दुसऱ्याकडून अर्धा बार हवा द्या आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. होज क्लिपपाशी हाताने थोडा वाकवून बघा. सरळ असताना बंद राहणारी चीर वाकवल्यावर उघडते.

---

टाकीकाम

मी टाकीबद्दल लिहितो, कारण जिवावर बेतणारी चूक तिथे होते.

डिझेलची टाकी रिकामी केली म्हणजे वेल्डिंगला तयार झाली असं नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. डिझेल पेट्रोलसारखं सहज पेट घेत नाही हे खरं, पण ते नेहमीच्या तापमानाला. टॉर्च लावल्यावर पत्रा काहीशे अंशांवर जातो, आतल्या भिंतीला, शिवणीत, आडव्या पडद्यांच्या (टाकीच्या आतल्या विभाजक पत्र्यांच्या) मागे चिकटलेलं डिझेल वाफ होतं आणि आत हवा असतेच. बंद टाकी मग फुटू शकते. पाण्याने खळबळून काढली, वास येत नाही, यावर विश्वास ठेवू नका. पडद्यांच्या कोपऱ्यातला गाळ गार असताना वास देत नाही, तापला की देतो.

चालू इंजिनाचा धूर टाकीत सोडून वेल्डिंग करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्या. डिझेल इंजिन आयडलला भरपूर जादा हवा घेतं, त्यामुळे त्याच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो. त्याने टाकी सुरक्षित होत नाही.

वेल्डिंग करायचंच असेल तर ते टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्या. तो काय करतो आहे हे मात्र तुम्हाला कळलं पाहिजे. फ्लोट (डिझेलची पातळी मोजणारा), झाकण, ड्रेन प्लग, सगळे पाईप काढलेले हवेत. गरम पाणी आणि डिटर्जंटने धुऊन, मग सगळी टाकी हाताला चटका बसेल इतकी तापेपर्यंत वाफ द्यायला हवी. त्यानंतर दुरुस्तीची जागा वर येईल अशी टाकी फिरवून त्या जागेच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे वाफ साठायला जागाच उरत नाही. उरलेल्या पोकळीत नायट्रोजन किंवा आर्गन सोडायचा. वरची तोंडं उघडी ठेवायची. आणि सुरुवात करण्याआधी गॅस मीटरने आतली हवा तपासायची. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर धुताना कॉस्टिक सोडा चालत नाही. तो धातू खातो आणि हायड्रोजन सोडतो, म्हणजे एक स्फोटक वायू काढायला जाऊन दुसरा तयार होतो.

आता तुमच्या पाझराकडे. जागा पट्ट्याच्या कडेला आहे, हे फार नेहमीचं आहे. पट्टा आणि टाकी यांच्यात रबर असतं. ते झिजतं किंवा सरकतं, मग पट्ट्याची धार पत्र्यावर घासते. रबर शाबूत असलं तरी त्याच्या खाली पाणी आणि माती अडकून राहते आणि रंगाखालून गंज चालतो. हा बाहेरचा गंज. आतला गंज तळाला होतो, कारण डिझेलमधलं पाणी जड असल्याने खाली बसतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशीही वाढते, काळपट चिकट थर दिसतो, तो पत्राही खातो आणि जाळीही बंद करतो. तुमचं भोक बाहेरून झालंय की आतून, हे टाकी उतरवल्याशिवाय कळणार नाही.

ओल जिथे दिसते तिथेच भोक असतं असंही नाही. डिझेल पत्र्यावरून पसरत जातं आणि पट्ट्याच्या कडेशी थांबतं. जागा पुसून कोरडी करा, खडूची पूड किंवा टाल्कम पावडर फुंकरून बसवा आणि अर्धा तास थांबा. पावडर जिथे सर्वांत आधी आणि सर्वांत वर ओली होते ते उगमस्थान. टाकी भरलेली असतानाच गळते आणि थोडी उतरली की थांबते अशी तक्रार असेल तर तळाचा नाद सोडा. वरची शिवण, फ्लोटचं गॅसकेट, भरायच्या नळीचा होज बघा. तुमच्याकडे निम्म्यावरही ओल राहते, म्हणजे तळच.

उतरवताना आधी डिझेल काढा. २०० लिटर म्हणजे १६५ किलोच्या आसपास वजन, ते जॅकवर हलतं आणि निसटतं. बॅटरीची तार सोडा, डिझेल स्वच्छ झाकणाच्या पिंपात घ्या, आणि शेवटचे दोन-तीन लिटर काचेच्या बरणीत वेगळे घेऊन तासभर ठेवा. तळाला पाणी किंवा काळा गाळ बसला तर आतूनही गंज असण्याची शक्यता मोठी.

पट्ट्याखालचा रंग तारेच्या ब्रशने काढून भोकाच्या भोवती टोच्या दाबत जा. जिथे टोच्या रुततो तिथे पत्रा संपलाय. रुतणारी जागा रुपयाएवढी असेल आणि भोवती पत्रा ठणठणीत असेल तर इपॉक्सी टिकते. टोच्या वीतभर रुतत गेला तर इपॉक्सी, पॅच, वेल्डिंग यातलं काहीच करू नका, टाकी बदला. पातळ पत्र्यावर वेल्डिंग केलं की एका भोकाची तीन भोकं होतात.

इपॉक्सी दोन घटकांची, धातूची पूड असलेली आणि इंधनाला टिकणारी असं वेष्टनावर लिहिलेली घ्या. डिझेल त्या जागेच्या खाली गेलेलं हवं. ओल्या पत्र्यावर कुठलीही इपॉक्सी धरत नाही, मग ती कितीही महाग असो. ८० नंबरच्या एमरीने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, भोकाच्या चारी बाजूंना किमान २५ मिमी. ॲसिटोनने पुसा, कापड बदलून पुन्हा पुसा, शेवटच्या कापडावर पिवळा डाग येता कामा नये. पहिला हात बोटाने रगडून लावा, म्हणजे भोकात आत जाईल. वर फायबर ग्लासच्या कापडाचा तुकडा दाबा आणि दुसरा हात द्या. २४ तास तसंच ठेवा, थंडी असेल तर जास्त. त्याच्या आधी भरलेली टाकी म्हणजे वाया गेलेलं काम.

आतून ओतायच्या लेपाबद्दल बरेच जण विचारतात. मी पडद्यांच्या टाकीत तो टाळतो. पडद्यामागचा गंज पूर्ण निघत नाही, तिथला लेप पापुद्र्याने सुटतो आणि ओढीच्या जाळीवर जाऊन बसतो. गळती थांबते, पण इंजिन उपाशी राहतं.

---

दाबमापक

टाकी तपासताना कॉम्प्रेसरची लाईन थेट लावू नका. टाकीच्या भिंती सपाट असतात. ४० बाय ६० सेंमीच्या एका भिंतीवर नुसता ०.२ बार दाब दिला तरी सुमारे ४९० किलोचा जोर पडतो. तिथे सात बार गेला तर तोच जोर सतरा टनांच्या आसपास. टाकी फुगते, शिवण उसवते, आणि जिथे गळती नव्हती तिथे नवी होते.

स्वस्त आणि खात्रीचं मापक पाण्याच्या नळीचं. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात भिंतीला बांधा, तिच्यात पाणी भरा, एक टोक टाकीला जोडा, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक म्हणजे ०.१ बार. दीड मीटरपर्यंत पुरे. पायपंपाने हवा द्या. चुकून जास्त गेली तर पाणीच बाहेर उडतं आणि टाकी वाचते. दहा मिनिटं फरक तसाच राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी घेऊन शिवण, प्लग, फ्लोट, सगळं बघा.

---

क्लिपवाला

पाईपबद्दल. तांब्याचा करू नका. दोन कारणं आहेत. तांबं डिझेलचं ऑक्सिडेशन वाढवतं, चिकट राळ तयार होते आणि ती फिल्टरवर आणि पंपात बसते. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर हे आणखी लवकर होतं. दुसरं म्हणजे ट्रकच्या कंपनाने तांबं कडक होत जातं आणि नटाच्या लगेच मागे गोल चीर जाते. ती चीर ओढीच्या लाईनवर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाईपही नको. जस्त डिझेलमधल्या आम्लांशी मिळून साबणासारखा पदार्थ बनवतं आणि तो नोझलपर्यंत पोचतो. लोखंडी बिनजोड पाईप किंवा इंधनासाठीचा नायलॉन पाईप, हे दोनच.

लोखंडी पाईप सगळा बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. तो चेसिसच्या क्लिपपाशी किंवा क्रॉस मेंबरच्या भोकात घासून गेलेला असतो. तेवढाच तुकडा काढा. हॅकसॉ नको, पाईप कटर वापरा. हॅकसॉचा कीस पाईपमध्ये राहतो आणि तो सरळ फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली जाऊन बसतो. आतली धार रीमरने काढा, हवा मारा. मध्ये फेरूलचं (पाईपवर आवळल्या जाणाऱ्या बारीक कडीचं) कॉम्प्रेशन फिटिंग घाला: हाताने घट्ट, मग पान्याने सव्वा ते दीड फेरा, फिटिंगच्या पत्रकात जे असेल ते. नट धरताना दुसऱ्या पान्याने बॉडी धरा, नाहीतर पाईप पिळला जातो.

रबरी होजने जोडत असाल तर दोन गोष्टी बघा. पाईपच्या टोकाला उठाव (भोवती फुगीर कडा) हवा. होज उठावाच्या पुढे २५ ते ३० मिमी चढवा आणि क्लिप उठावाच्या मागे बसवा, उठावावर नाही. दोन पाईपांची टोकं होजच्या आत शक्य तेवढी जवळ आणा, कारण मध्ये लांब अंतर राहिलं तर ओढीने गरम होज चपटा होतो. होज इंधनाचाच हवा. रेडिएटरचा होज डिझेलने फुगून मऊ पडतो.

जुना होज काढलात की उभा चिरून आत बघा. बाहेरून ठीक दिसणाऱ्या होजच्या आतलं अस्तर सुटलेलं असतं आणि ते झडपेसारखं आडवं येतं. आयडलला डिझेल जातं, ओढ वाढली की झडप बंद होते. पाईप, फिल्टर, पंप सगळं तपासून झाल्यावरही चढावर ओढ जात असेल तर हेच कारण निघतं.

बँजोचे तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला. नवे नसतील तर जुने गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा, काळी पापडी काढा. तांबं पुन्हा मऊ होतं. पण वॉशरवर आडवी रेघ असेल तर तो टाका, तापवल्याने रेघ जात नाही. बँजोच्या दोन्ही तोंडांवरही नखाने रेघ तपासा.

---

नवा_पाना

होजवर डबल क्लिप लावली तर? आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून?

---

क्लिपवाला

डबल क्लिपने कडक झालेला होज मऊ होत नाही. होज नवा असेल तर एक क्लिप पुरते, जुना असेल तर दोनही कमी पडतात. उलट भोकांच्या पट्टीची क्लिप जास्त आवळली की तिच्या भोकांतून रबर वर येतं आणि कापलं जातं. कडा गोल वळवलेली गुळगुळीत पट्टीची क्लिप घ्या.

टेप नको. बँजो, फ्लेअर (पाईपचं पसरवलेलं टोक), फेरूल या जोडांत आटे फक्त दाब देतात, सील तोंडावर होतं. तिथे टेप घातल्याने फायदा शून्य, आणि तिचे धागे तुटून पंपाच्या जाळीत जातात. निमुळत्या आट्यांच्या फिटिंगला इंधनाला टिकणारं द्रव सीलंट लावा, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून. सिलिकॉन गॅसकेट मेकर डिझेलमध्ये फुगतो आणि सुटतो, तो फ्लोटच्या गॅसकेटलाही वापरू नका.

---

दहाचाकी

तपासलं. डब्यावर गाडी अगदी नीट चालली, पारदर्शक होजमध्ये एकही बुडबुडा नाही. टाकीची लाईन परत जोडल्यावर, टाकी तीन-चतुर्थांश भरलेली असताना थोडे बुडबुडे, आणि पाव टाकीवर सतत माळ. फीड पंपाकडचा होज चिरला तर आतून भेगाळलेला निघाला, क्लिपच्या खाली कडक झालेला. टाकीतला उभा पाईप काढून बादलीत बुडवला, खालचं टोक अंगठ्याने दाबून हवा दिली तर साधारण मध्यावर एका रेघेतून बुडबुडे. टाकीच्या तळाला टोच्या रुततो ती जागा लहान आहे, आणि बरणीत बोटभर पाणी बसलं. उभ्या पाईपच्या चिरेवर इपॉक्सी चालेल का? नाहीतर आत होजचा तुकडा घालावा?

---

पाना_पक्कड

दोन्ही नको. तो पाईप डिझेलमध्ये बुडलेला, हलत राहणारा आहे, इपॉक्सी सुटून पंपाकडेच जाणार. आणि नेहमीचा इंधनाचा होज आतून डिझेल सहन करतो, बाहेरून बुडवून ठेवण्यासाठी तो बनवलेला नसतो. महिन्यागणिक मऊ पडत जाईल. फ्लँज टाकीबाहेर आहेच, तर जुना पाईप काढून त्याच बाहेरच्या व्यासाचा नवा लोखंडी पाईप ब्रेझ (पितळी झाळ) करून घ्या. फ्लक्स (झाळेसाठी लावलेलं रसायन) गरम पाण्याने पूर्ण धुवा. लांबी महत्त्वाची: खालचं टोक तिरपं कापलेलं आणि तळापासून १५ ते २५ मिमी वर हवं. तळाला टेकवलात तर बसलेलं पाणी आणि गाळ तो सगळ्यात आधी ओढेल. फार वर ठेवलात तर दहा-पंधरा लिटर डिझेल कायमचं अडकून पडेल आणि उतारावर हवा घेईल. बसवायच्या आधी बादलीतली तपासणी पुन्हा करा.

बोटभर पाणी निघालं म्हणजे ते कुठून येतंय हेही बघा. झाकणाचं रबर सपाट झालं असेल तर पाऊस आणि धुण्याचं पाणी तिथूनच जातं. झाकणातला किंवा वेगळा असलेला श्वासमार्गही मोकळा हवा. तो बंद असला की टाकीत ओढ तयार होते, झाकण उघडताना सुस्कारा ऐकू येतो आणि गाडी अगदी हवा घेतल्यासारखीच उपाशी पडते. त्यात पत्र्याची टाकी आत दबलेलीही सापडते.

सगळं जोडल्यावर हवा काढायचा क्रम: फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हॅण्ड प्रायमर मारत राहा, फेस थांबून अखंड धार आली की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूशी तेच. या दोन्हींनंतर बहुतेक गाड्या लागतात. नाहीच लागली तर नोझलकडचे नट एकेक करून अर्धा फेरा सैल करा, कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, डिझेल येताच आवळा. हात लांब, डोळ्यांवर चष्मा. सलग १५ सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर नको, मध्ये मिनिटभर थांबा.

हॅण्ड प्रायमरचं बटण काम झाल्यावर आटे असतील तर खाली फिरवून बंद करा. ते उघडं राहिलं तर त्याच्या दांड्यापाशी पुन्हा हवा शिरते आणि सगळी शोधाशोध नव्याने सुरू होते.

---

नवा_पाना

कॉमन रेल गाडीलाही (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) नोझलचे नट सैल करून हवा काढता येते का?

---

दाबमापक

नाही, कधीही नाही. रेलमधला दाब १६०० ते २००० बार, काही इंजिनांत त्याहून जास्त. त्या दाबाची केसाएवढी धार कातडीतून आत जाते. बाहेरून सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल मांसात पसरत जातं. अशी जखम झाली तर धुऊन-पुसून थांबायचं नाही, लगेच इस्पितळात जाऊन "इंधन दाबाने आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. त्याला तातडीने शस्त्रक्रिया लागते, उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो.

गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा लांब तुकडा धरा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या जाड नळ्यांनाही हाच नियम, तिथला दाबही कातडी फोडायला पुरेसा असतो. कॉमन रेलमध्ये इंजिन बंद केल्यावर पुस्तकात दिलेला वेळ थांबा, मगच जोड उघडा. नळी वाकवून बसवू नका, आणि बऱ्याच इंजिनांत ती एकदा काढली की नवीच घालायची असते. नट आवळूनही पाझरत असेल तर आणखी आवळू नका, शंकूचं तोंड गेलंय, नळी बदला. हवा फक्त कमी दाबाच्या बाजूने काढा, प्रायमरने किंवा टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपाने.

आणि नळ्यांचे आधाराचे क्लॅम्प काढलेत तर सगळे परत लावा. एक क्लॅम्प राहिला की नळी कंपते आणि नटाजवळ चिरते. ती फवारणी टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर गेली की आग लागते, ठिणगीची गरजही पडत नाही.

---

टाकीकाम

दहाचाकी, तुमची जागा लहान आहे तर इपॉक्सीच करा. टाकी परत चढवताना पट्ट्याखाली नवं रबर घाला, पट्ट्यापेक्षा दोन्ही बाजूंना सेंमीभर रुंद. ताग किंवा टायर ट्यूबचे तुकडे नको, ताग पाणी धरतो आणि ट्यूब डिझेलने फुगून सरकते. इपॉक्सीवर आणि उघड्या पत्र्यावर प्रायमर आणि रंग. पट्टे समान आवळा, टाकी दबेल इतके नाही. भरून गेल्यावर ५० किमीनंतर आणि मग आठवड्याने पुन्हा आवळा, नवं रबर बसतं आणि पट्टा सैल पडतो.

रस्त्यात गळती लागली तर कोरडा कपडे धुण्याचा साबण भोकावर रगडून दाबा. डिझेलमध्ये तो विरघळत नाही, ठिकाणावर पोचेपर्यंत धरतो. पाऊस असेल तर मात्र धुऊन जाईल. स्क्रू पिळून बसवण्याचा मोह टाळा, गंजलेल्या पत्र्यात स्क्रूने भोक दुप्पट होतं.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला तीन-चार लिटर. ते मागून येणाऱ्या दुचाकीच्या चाकाखाली जातं, म्हणून थेंब धरायला लागल्यावर गाडी भरून बाहेर काढू नका.

---

दहाचाकी

उभा पाईप नवा ब्रेझ करून घेतला, तळापासून २० मिमी वर. दोन्ही होज, क्लिपा, बँजोचे वॉशर बदलले. इपॉक्सीला दीड दिवस दिला. पाण्याच्या नळीवर दीड मीटरचा फरक पंधरा मिनिटं जागचा हलला नाही. सकाळी पहिल्या झटक्यात लागली, आणि पाव टाकीवर चढ पार केला, आचका नाही. झाकणाचं रबर खरंच सपाट झालेलं निघालं, तेही बदललं. एक राहिलंय: काढलेलं डिझेल पाणी बसवून, वरवरचं गाळून परत वापरू का?

---

टाकीकाम

दोन दिवस न हलवता ठेवा, मग वरचं तीन-चतुर्थांश पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या नरसाळ्यातून गाळून घ्या. ते चालेल. तळचं पाव काळपट असेल तर टाकीत परत नको, टाकाऊ तेल गोळा करणाऱ्याकडे द्या. आणि पुढचे दोन आठवडे रोज सकाळी सेडिमेंटरचा (पाणी आणि गाळ खाली बसवणाऱ्या भांड्याचा) नट सैल करून खालचं थोडं काढून बघत जा. पडद्यामागे राहिलेलं पाणी हळूहळू तिथेच येईल.